आसरा देणारे आणि आसरा घेणारे

पडद्यावर झगा घातलेला धर्मगुरू दिसला की कॅथलिक प्रेक्षक किंचित सावरून बसतो. आता याला हसविण्यासाठी आणले आहे की गौरविण्यासाठी, हा प्रश्न त्याच्या मनात आधी उभा राहतो. कारण उघड आहे. हिंदी चित्रपटांनी कित्येक दशके आपल्याला दाखविले ते बाटली हाती घेऊन गल्लीत झोकांड्या खाणारा कुणी डिकॉस्टा म्हणून, नाही तर खलनायकाच्या अड्ड्यावर नाचणारी कुणी मोना म्हणून. वाडीत राबणारा, शाळेत शिकविणारा, मराठीतच भांडणारा आणि मराठीतच प्रार्थना करणारा कॅथलिक त्यात शोधून सापडत नाही. आपले चित्र दुसऱ्याने काढले म्हणजे काय होते, हे आपल्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणूनच ज्या कलाकृतीत आपल्यापैकी एक जण खराखुरा वीर म्हणून उभा राहतो, तिच्याकडे आपण अधिक जिव्हाळ्याने पाहतो. दुसऱ्या महायुद्धात यहुदी मुलांना आसरा देणाऱ्या धर्मगुरूंवर आणि धर्मभगिनींवर निघालेले चित्रपट व नाटके या जातीची आहेत. त्यांचा अभिमान बाळगण्यात गैर काहीच नाही. मात्र अशी कलाकृती पाहून उठताना एक प्रश्न स्वतःला विचारावा, असे आम्हांला वाटते: फादर दिसले, त्यांचे धैर्य दिसले, त्यांचे मरणही दिसले, पण ज्याला त्यांनी लपविले होते ते मूल आपल्याला दिसले काय?

या प्रश्नासाठी लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकाच्या चित्रपटाइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. 'ओ रव्हार लेझांफां', म्हणजे 'मुलांनो, पुन्हा भेटू', हा त्यांचा चित्रपट १९८७ साली पडद्यावर आला आणि व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सुवर्णसिंह मिळाला. त्यामागची हकीकत खरी आहे. पॅरिसच्या दक्षिणेस, फोंतेनब्लोच्या अरण्याला लागून आवों नावाचे गाव आहे. तेथे कार्मेलाईट संघाची मुलांची निवासी शाळा होती. १५ जानेवारी १९४४ रोजी गेस्टापोची माणसे शाळेत शिरली आणि खोट्या नावांनी तेथे राहत असलेल्या तीन यहुदी मुलांना त्यांनी उचलून नेले. मुख्याध्यापक फादर जाक यांनाही अटक झाली. ३ फेब्रुवारीला मुलांना आउश्वित्झकडे निघालेल्या आगगाडीत कोंबण्यात आले. ती परतली नाहीत. फादर जाक माउटहाउझेन आणि गुझेन येथील छळछावण्यांत पोहोचले. मे १९४५ मध्ये सुटका झाली तेव्हा त्यांच्या देहात काही उरले नव्हते. २ जून रोजी लिंझ येथे त्यांनी प्राण सोडला. वय अवघे पंचेचाळीस. सूतगिरणीतल्या कामगाराचा हा मुलगा. जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेने १९८५ साली त्यांना 'राष्ट्रांतील नीतिमान' या सन्मानाने गौरविले.

त्या सकाळी शाळेत अकरा वर्षांचा लुई मालही होता. त्या दिवसावर चित्रपट काढण्याचे बळ यायला त्याला चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला.

आजकाल अशा कलाकृतीत निरनिराळ्या समाजांचे लोक आहेत की नाहीत, याची मोजदाद होते. इतके यहुदी, इतके जर्मन, इतक्या स्त्रिया, इतके गरीब. ही मोजदाद अगदी निरर्थक आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांना कधीच कुणी मोजले नाही त्यांना ती हवीशी वाटणारच. पण मालच्या चित्रपटातील विविधता डोकी मोजून हाती लागत नाही. अरण्यात वाट चुकलेल्या दोन मुलांना जर्मन सैनिक गाडीतून शाळेत आणून सोडतात आणि वर सांगतात, आम्ही बव्हेरियाचे, आम्ही कॅथलिक आहोत. उपाहारगृहात एका वृद्ध यहुदी गृहस्थाला उठवायला येतात ते जर्मन नव्हेत, फ्रेंच मिलिशियाचे लोक. आणि त्यांना दरडावून हाकलतो तो जर्मन अधिकारी. समोर बसलेल्या स्त्रीवर छाप पाडण्याचा हेतू त्यामागे असेलही. त्याच टेबलावर बसलेली मायाळू, सुसंस्कृत कॅथलिक आई यहुद्यांविषयी आपला आकस नाही असे म्हणता म्हणता एका यहुदी पुढाऱ्याला फाशी दिले तरी चालेल, असेही बोलून जाते. आणि रुग्णखोलीत लपलेल्या मुलाचा ठावठिकाणा शिपायांना सुचविते ती एक धर्मभगिनी. भयाने गारठलेल्या त्या स्त्रीला दिग्दर्शकाने राक्षसीण केलेले नाही. केवळ दाखविले आहे. गणवेश, झगा, जपमाळ यांवरून माणूस ओळखण्याची आपली सवय हा चित्रपट एकेका प्रसंगात मोडत जातो. आपली माणसे सरसकट चांगली दाखविली तर आपले प्रतिनिधित्व झाले, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या धर्मभगिनीकडे थोडा वेळ पाहावे.

आम्हांला मात्र सर्वांत अधिक विचार करायला लावला तो मिस्साबलीच्या प्रसंगाने. पालकांच्या भेटीचा दिवस आहे. प्रार्थनामंदिर भरलेले आहे. ख्रिस्तप्रसाद घेण्यासाठी मुले कठड्याशी गुडघे टेकतात. त्यांत ज्याँ बोने या नावाने लपलेला यहुदी मुलगाही जाऊन बसतो. फादर ओळीने पुढे सरकत येतात, त्याच्यासमोर थबकतात, हातातला प्रसाद क्षणभर अधांतरी राहतो आणि ते पुढच्या मुलाकडे वळतात. एक शब्द नाही. यात काहींना कठोरपणा दिसला. ज्या फादरांनी या मुलासाठी जीव धोक्यात घातला त्यांनी त्याला भाकरीच्या एका पापुद्र्यासाठी नाकारावे, हे त्यांना विपरीत वाटले. आम्हांला येथे वेगळेच दिसते. फादरांनी मुलाला नाव दिले, अंथरूण दिले, वर्गात जागा दिली. पण लपविण्याच्या निमित्ताने त्याला कॅथलिक करून टाकण्याचा अधिकार आपल्याला आहे असे त्यांनी मानले नाही. प्रसादाचा मान राखला आणि मुलाचाही.

आता दुसरी बाजू. तो मुलगा कठड्याशी गेलाच का? सर्व उठले असता एकट्याने बाकावर बसून राहिले तर लोक पाहतील, हे भय? की मित्रासारखे असावे ही साधी ओढ? की भूक लागलेल्या माणसाला वाटते तसे काही? चित्रपट सांगत नाही. सांगू शकत नाही, कारण कथा ज्याच्या डोळ्यांनी आपण पाहतो तो ज्युलियाँ नावाचा कॅथलिक मुलगा आहे. त्याला जेवढे दिसले तेवढेच आपल्याला दिसते: रात्री शयनगृहात दोन मेणबत्त्या लावून पुटपुटणारी एक आकृती, डुकराच्या मांसाचे पदार्थ टाळण्याच्या सबबी, पियानोवर सहज फिरणारी बोटे. यहुदी मुलाच्या मनात शिरून त्याच्या वतीने बोलण्याचा मोह मालने आवरला. आपण त्या मुलाला ओळखत नव्हतो, हे तो लपवीत नाही. प्रतिनिधित्वाच्या प्रश्नात हा मोठा प्रामाणिकपणा आहे असे आमचे मत आहे.

आणि तरीही दोन ठिकाणी आमचे मन अडखळते. ज्याँ बोने गणितात सर्वांच्या पुढे, संगीतात निपुण, वाचनात मुरलेला. असा मुलगा गेला म्हणून आपण हळहळतो. पण त्याच्यासोबत आणखी दोन मुले नेली गेली. त्यांच्या वाट्याला पडद्यावर काही क्षण येतात, चेहरे पुरते लक्षात राहण्याआधी ती जातात. ती मुले मठ्ठ असती, हट्टी असती, चोऱ्या करणारी असती, तरी फादरांनी त्यांना लपविले असते. प्रेक्षकांनी मात्र त्यांच्यासाठी तेवढेच अश्रू ढाळले असते काय, याची आम्हांला शंका आहे. उपकारासाठी गुणी अनाथ शोधण्याची सवय आपल्या दानधर्मातही आहे. दत्तकयोजनेतील मुलाची प्रगतिपुस्तिका मागणारे दाते कुणी पाहिले नाहीत?

दुसरी अडखळ जोसेफपाशी. हा लंगडा, गरीब पोरगा शाळेच्या स्वयंपाकघरात राबतो. श्रीमंत मुलांशी मुरंबा, तिकिटे, सिगारेट यांची देवघेव करतो. चोरी उघडकीस येते तेव्हा त्याला नोकरीवरून काढून टाकतात. देवघेवीत सामील असलेली मुले शाळेतच राहतात. तोच पुढे गेस्टापोकडे जातो. या अन्यायाची जाणीव फादरांना आहे, आणि चित्रपटालाही. पण तेरा वर्षांपूर्वी, १९७४ साली, मालनेच 'लाकोंब, ल्युसिएँ' या चित्रपटात जर्मनांना सामील होणारा असाच एक खेड्यातला अडाणी तरुण रंगविला होता. दोनदा दगलबाज दाखवायचा झाला आणि दोन्ही वेळा तो गरीब निघाला, हे डोळ्यांत खुपते. फ्रान्समधील यहुद्यांविरुद्धचे कायदे कुणा स्वयंपाक्याच्या पोऱ्याने केले नव्हते. जुलै १९४२ मध्ये पॅरिसमध्ये दोन दिवसांत सुमारे तेरा हजार यहुद्यांना, त्यांत चार हजारांहून अधिक मुलांना, पकडले ते सुशिक्षित अधिकाऱ्यांच्या हुकमावरून फ्रेंच पोलिसांनीच.

येथे एक गोष्ट ओघात सांगण्याजोगी आहे. याच लुई मालने १९६८ साली भारतात फिरून चित्रण केले आणि त्यातून दूरचित्रवाणीसाठी सात भागांची मालिका केली. तिचा शेवटचा भाग मुंबईवर होता. बीबीसीने ती दाखविली तेव्हा आपल्या देशाचे दारिद्र्यच तेवढे दाखविले म्हणून भारत सरकार संतापले आणि १९७० मध्ये बीबीसीचे दिल्लीतील कार्यालय बंद करविले. त्या संतापाशी आम्ही पूर्ण सहमत नाही. पण परक्याच्या कॅमेऱ्यापुढे उभे राहण्याची ती बोच आपल्या देशालाही ठाऊक आहे. कॅमेरा कुणाच्या हाती आहे, यावर पुष्कळ काही ठरते.

तो लपलेल्या मुलाच्या हाती आला तर काय होते? क्लोद बेरी या दिग्दर्शकाचा 'म्हातारा आणि मूल' हा १९६७ सालचा चित्रपट पाहावा. बेरींचे मूळ आडनाव लांगमान. युद्धकाळात लपून वाढलेला हा यहुदी मुलगा. त्यांच्या चित्रपटात शहरातून एका लहानग्याला खेड्यातील म्हाताऱ्या जोडप्याकडे पाठवितात. नवे आडनाव घोकून घेतात, ख्रिस्ती प्रार्थना पाठ करवून घेतात. म्हातारा प्रेमळ आहे, कुत्र्याला टेबलावर जेवू घालणारा आहे आणि कट्टर यहुदीद्वेष्टा आहे. मांडीवर बसलेला पोर यहुदी आहे हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. पोराला मात्र सगळे कळते. तो म्हाताऱ्याला भाबडेपणाचा आव आणून विचारतो, यहुदी ओळखायचा कसा? आणि नाकाची खूण ऐकून म्हाताऱ्याच्याच नाकाकडे पाहू लागतो. आश्रित येथे खोडकर आहे, चतुर आहे, आश्रयदात्याला मनातल्या मनात तोलणारा आहे. त्याला कुणी संत भेटत नाही. आणि तो स्वतःही बिचारा नाही. मालला असा मुलगा रंगविता आला नसता. बेरीला फादर जाक रंगविता आले नसते. दोन्ही चित्रपट हवेत.

या प्रकारच्या बहुतेक कथांतून एक संपूर्ण पात्रवर्ग गाळला जातो, तो म्हणजे यहुद्यांना वाचविणारे यहुदी. फ्रान्समधून सुमारे ७६,००० यहुदी छावण्यांकडे धाडले गेले. त्यांत अकरा हजारांवर मुले होती. तरीही तेथील सुमारे तीन चतुर्थांश यहुदी बचावले. मठांची, शाळांची, शेतकऱ्यांची दारे उघडी होती हे खरे. पण त्या दारापर्यंत मुले आणली कुणी? खोटी कागदपत्रे, शिधापत्रिका, दरमहाचे पैसे यांची जुळवाजुळव कुणी केली? त्यात यहुद्यांच्या बालसाहाय्य संस्थेचा आणि यहुदी बालवीर चळवळीतील तरुणांचा वाटा मोठा होता. मारियान कोन ही त्यांच्यापैकी एक. मे १९४४ च्या अखेरीस स्विस सीमेजवळ अठ्ठावीस मुलांसह ती पकडली गेली. तिची सुटका करण्याचा बेत साथीदारांनी आखला होता. आपण पळालो तर मुलांवर सूड उगवला जाईल म्हणून तिने तो नाकारला. जुलैत तिची हत्या झाली. मुले वाचली. ती एकवीस वर्षांची होती. 'राष्ट्रांतील नीतिमान' ही पदवी नियमानेच बिगर-यहुद्यांसाठी असल्याने ती तिला मिळण्याचा प्रश्नच नव्हता. वाचविणारे ते आपण आणि वाचले ते ते, अशी विभागणी झाली की आपल्याला बरे वाटते, आणि मारियान कोन नाटकाबाहेर राहते.

आणखी एक उणीव नाटकाच्या पडद्याशी संबंधित आहे. पडदा फार लवकर पडतो. युद्ध संपले, मूल वाचले, घंटा वाजल्या. प्रत्यक्षात कठीण प्रश्न तेथून सुरू झाला. व्हिएन्नाहून फ्रान्समध्ये आलेले डॉक्टर फिनाली आणि त्यांची पत्नी १९४४ च्या आरंभी पकडले गेले व आउश्वित्झला मारले गेले. रॉबेर आणि जेराल या त्यांच्या दोन चिमुकल्यांना ग्रेनोबल येथील बालगृहाच्या संचालिका आंत्वानेत ब्रँ यांनी सांभाळले. बाई कॅथलिक, धाडसी. १९४५ पासून मुलांच्या आत्या त्यांना मागत होत्या. बाईंनी मुले दिली नाहीत. १९४८ मध्ये त्यांना बाप्तिस्मा देवविला. प्रकरण न्यायालयात गेले, आणि १९५३ मध्ये मुलांना लपवून थेट स्पेनमध्ये नेण्यात आले. त्यात काही धर्मगुरूंचा व धर्मभगिनींचा हात होता. फ्रान्सभर वादळ उठले. अखेर त्याच वर्षी मुले आत्याकडे इस्रायलला गेली. वाचविणारे हातच मुलाला धरून ठेवणारे हात झाले. त्या बाईंचे प्रेम खोटे होते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. म्हणूनच हे प्रकरण अवघड आहे.

त्याच्या शेजारी दुसरी हकीकत ठेवावी. प्राग येथे १९३२ साली जन्मलेला साउल फ्रिडलेंडर हा मुलगा मोंल्युसों गावच्या कॅथलिक निवासी शाळेत लपला होता. त्याचा बाप्तिस्मा झाला, त्याला फ्रेंच नाव मिळाले, आणि त्याची श्रद्धा इतकी उत्कट झाली की त्याला येशूसंघीय धर्मगुरू व्हायचे होते. आईवडील स्वित्झर्लंडच्या सीमेवरून परत पाठविले गेले आणि आउश्वित्झमध्ये संपले, हे त्याला उमगले नव्हते. १९४६ मध्ये एका येशूसंघीय फादरांनी त्याला जवळ बसवून आउश्वित्झ म्हणजे काय ते सांगितले. यहुदीद्वेषाचा इतिहास सांगितला. संघाला मिळू शकणारा एक बुद्धिमान उमेदवार त्या संभाषणाने हातचा गेला. तो मुलगा पुन्हा यहुदी झाला आणि पुढे नाझी काळाचा थोर इतिहासकार ठरला. आम्हांला या फादरांवरचे नाटक पाहायला आवडेल. त्यात बंदुका नाहीत, शिपाई नाहीत. एक खोली आणि दोन माणसे. वेदीच्या कठड्याशी थबकलेला फादरांचा हात आणि हे संभाषण, दोन्ही एकाच जातीचे आहे.

हे सारे फ्रान्सचे. आपल्याशी त्याचा धागा पडतो तो उपासनेतून. १९४३ च्या शुभ शुक्रवारी फ्रान्समधील एखाद्या मठात लपलेले यहुदी मूल उपासनेच्या बाकावर बसले असेल, तर त्याने विश्वासघातकी यहुद्यांसाठी केलेली लॅटिन प्रार्थना ऐकली असेल. तीच प्रार्थना त्याच दिवशी आपल्या कोकणपट्टीतील देवळांतही झाली. ज्यांच्या गावात बेने इस्राएल कुटुंबे मराठी बोलत, शनिवार पाळत, तेलघाणे चालवीत पिढ्यान् पिढ्या राहिली होती, त्या आपल्या आजोबांनीही ती ऐकली. पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये तो शब्द काढला. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रभूच्या मरणाचा दोष समस्त यहुद्यांवर टाकता येत नाही असे स्पष्ट केले. आणि १९९७ मध्ये फ्रान्सच्या बिशपांनी, जेथून आगगाड्या सुटत त्या द्रान्सी येथे उभे राहून, ख्रिस्तसभेच्या मौनाबद्दल क्षमा मागितली.

उपवासकाळात आपल्या धर्मग्रामांतून दुःखसहनाची नाटके होतात. त्यांतील कैफा, परुशी आणि ओरडणारा जमाव यांना कसल्या दाढ्या लावल्या जातात, कोणत्या सुरात बोलायला लावले जाते, आणि येशू, मरिया व प्रेषित हेही यहुदीच होते हे वेशभूषेवरून कुणाला कळते काय, हे दिग्दर्शन करणाऱ्या तरुणांनी यंदा तालमीत पाहावे. आणि एखाद्या मंडळाने आवोंच्या शाळेवरच नाटुकले बसविले, तर पत्रिकेवर फादर जाक यांच्या नावाखाली तिन्ही मुलांची नावेही छापावीत. ज्याँ बोने हे चित्रपटातले नाव त्यांतील एका मुलाने शाळेत खरोखरच घेतलेले खोटे नाव होते. त्याचे स्वतःचे नाव हान्स-हेल्मुट मिशेल. दुसऱ्या दोघांची नावे जाक-फ्रांस हाल्पर्न आणि मॉरिस श्लॉसर.